लेगबाय

मोतीबागेच्या कडेला, निंबाखाली, माझं टेबल.
एकोणचाळीस वर्षं तेच, फक्त एक पाय नवा.
डावा डोळा अकराव्या वर्षी एका उसळत्या चेंडूने नेला.
तो दिवस आणि रात्र एवढंच ओळखतो,
बाकी सगळा हिशेब उजव्याकडे.

बत्तिसावं षटक. उपेंद्रभाई त्या रविवारी नडियादला, साखरपुड्याला,
म्हणून वही एकच, माझी.
तिसऱ्या चेंडूचं टिंब दिलं
आणि पानाचा खालचा डावा कोपरा
नव्हता.

दुखलं नाही. अंधारलं असंही म्हणता येईना,
अंधार तरी दिसतो.
वर फलंदाज सगळे जागेवर, आडनावांसकट.
खाली गोलंदाजांची नावं गेलेली,
त्यांची षटकं तेवढी उरली, बेवारस.
चष्मा पुसला. टोपीतल्या घामावर ढकललं.
पान वर सरकवलं तेव्हा नावं परत आली
आणि चहाचा पेला गेला.

उठायला हवं होतं.
सयाजी हॉस्पिटल रिक्षाने दहा मिनिटं.
पण अठरा षटकं उरली होती,
आणि डाव अर्धा टाकून उठलेला स्कोअरर
मी तरी पाहिलेला नाही.

डॉक्टर हेमालीबेननी कागदावर एक उघडं झाड काढलं.
"मानेतल्या धमनीतून चरबीचा कण सुटला, काका.
इथे, या फाट्यावर अडकला. पुढे रक्त नाही.
फांदी वरची, म्हणून दिसायचं खालचं गेलं.
डोळ्यात सगळं उलटं."
आणि फाट्यावर पेनाने टिंब दिलं.
माझ्या एवढी टिंबं तिने काय दिली असतील,
पण हे नेमकं होतं.
"केव्हा झालं?"
"बत्तिसाव्या षटकात."
"म्हणजे किती वाजता?"
सांगितलं. ती थोडी गप्प राहिली.
"लगेच आला असतात तरी खात्री नव्हती," म्हणाली,
मला बरं वाटावं म्हणून की काय, कोण जाणे.

मग एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसवलं.
दिवा लुकलुकला की बटण.
न पाहिलेला चेंडू मी कधी लिहिला नाही,
न पाहिलेल्या दिव्याला बटणही दाबलं नाही.
यंत्रातून कागद आला: एक कोपरा काळाकुट्ट.
तो आता तसाच राहणार.
पुढचा कण मेंदूकडे जाऊ नये म्हणून मानेची तपासणी,
रोज एक गोळी, विडी बंद.
जिन्याच्या पायऱ्या आता पायानेच मोजतो.
ताटातली चटणी सुमती उजवीकडे वाढू लागली आहे,
न बोलता.

बुधवारी रणनवरे पंचांचा फोन. तब्येत विचारली, मग सहज:
"सेहेचाळिसाव्यातली ती लेगबाय टिपलीत ना?
तुम्ही हात वर केला होतात."
आठवला मला त्यांचा हात, खाली जाताना.
गुडघ्यावर थोपटला असणार.
माझ्यापर्यंत गुडघा पोचलाच नाही.
पोरं पळालेली दिसली, मी एक धाव लिहिली
फलंदाजाच्या नावावर.
हर्षिल. एकोणपन्नासवर होता.
त्याने बॅट उंचावली, मंडपातल्या चौघांनी टाळ्या वाजवल्या,
आणि पुढच्याच चेंडूवर त्रिफळा.
"हो," मी फोनवर म्हणालो. "टिपली."

काल तो आला, करोडियाहून सायकलने,
पेंड्यांचा पुडा घेऊन. पहिलंच अर्धशतक.
"काका, आशीर्वाद आपो," म्हणाला आणि वाकला.
आधी कपाळ गेलं, मग मान,
मग शर्टाची उसवलेली कॉलर.
सतरा वर्षांचा अख्खा मुलगा
त्या कोरड्या कोपऱ्यात उतरला.

अंदाजाने हात खाली नेला.
केस लागले, घामाने ओले.
वही मागच्या कपाटात होती.
शाईने लिहितो मी, पेन्सिलीने नाही.
तो वर येईपर्यंत हात तिथेच ठेवला.