मापात पाप

मोनरोव्हियाहून येणाऱ्या रस्त्यावर, बांगा गावात,
माझ्या शिलाईच्या दुकानापुढे तेव्हा एक बादली होती,
नळ लावलेली, क्लोरीनच्या पाण्याची.
आधी हात धुवायचे, मग दोरीपाशी थांबायचं.
दोरी मीच बांधली होती. सहा फूट. टेपने मोजून.

टेप मी बांबूच्या टोकाला अडकवून पलीकडे द्यायचो.
गिऱ्हाइकाने आपलं माप आपणच घ्यायचं
आणि ओरडून सांगायचं.
सगळे खोटं बोलायचे.
कमरा बारीक झाल्या, छात्या रुंद झाल्या,
गार्मई तर दंडाचं माप दर खेपेला नवं सांगायची.
मी आपले दोन इंच जास्तीचे धरायचो,
शिवणीत दाबून ठेवायचो.
हे चालतं. एवढ्यावर तर गाव चालतं.

टोकपा शेजारचा, काचेच्या बरण्यांतून पेट्रोल विकणारा.
आमच्याकडे हात मिळवला की सुटता सुटता
दोघांच्या मधल्या बोटांची मिळून एक चुटकी वाजते.
एकट्याने वाजवायची ती निराळी, कुत्र्याला बोलवायची.
वीस वर्षं रोज सकाळी आमची वाजायची.
त्याच्या बोटाला पेट्रोलचा वास, माझ्या बोटाला सुईचे घट्टे.

त्या ऑगस्टात तो दोरीपलीकडे बसला होता,
भर दुपारी बायकोचा लापा पांघरून.
दातांवर दात आपटत होते.
काय रे? विचारलं.
हिवताप, म्हणाला, नेहमीचाच.
दर पावसाळ्यात यायचा त्याला, मलाच ठाऊक होतं.
मी मशीनवर एक अख्खी बाही उलटी शिवली.
मग मागच्या दाराने गेलो
आणि तो नंबर फिरवला.

पांढऱ्या पोशाखातली माणसं आली.
मी त्यांची शिवण बघत राहिलो,
कुठेही सुईचं भोक नाही, सगळं चिकटपट्टीने बंद.
गाडीत चढताना टोकपाने
फोन कुणी केला, हे कुणालाच विचारलं नाही.

नोवाईच्या दाराला एकवीस दिवस दोरी.
मी तांदूळ ठेवायचो, मागे सरायचो.
ती उचलायची. मी गेल्यावर.

हिवतापच निघाला.
टोकपा शिक्का मारलेला कागद घेऊन परतला.
त्या शिक्क्यावर कुणी पेट्रोल घेईना.
मी एक बरणी घेतली.
माझ्याकडे मोटरसायकल नाही.

साथ संपल्याचं रेडिओने सांगितलं त्या दिवशी
बाजारभर चुटक्याच चुटक्या.
हात आधी टोकपानेच पुढे केला.
बोटं सरकली, सुटली.
आवाज आला नाही.
पेट्रोल लागलंय, निसटतं, तो म्हणाला.
हो, मी म्हटलं, तेच.

मग पँट शिवायची म्हणून आत आला,
हात वर करून उभा राहिला.
मी टेप त्याच्या कमरेभोवती फिरवला, एवढ्या जवळून
किती महिन्यांनी कुणाला तरी.
श्वास सोड, म्हटलं, माप चुकेल.

चुकू दे, म्हणाला.