व्हीबीरन तीनशे

संस्थेचा संगणक तसा जिवंत आहे.
पंखा घुरघुरतो, पडदा आधी हिरवट, मग निळा,
घड्याळ मात्र दर वेळी
एक जानेवारी ऐंशीपासून सुरू.

खेमराज मारबते गेले त्याला अकरा वर्षं झाली.
दिवसा पोस्टात मनीऑर्डरी लिहायचे, रात्री हे:
मच्छीमार संस्थेची सभासद-वही,
कोणत्या बोडीत किती बोटुकली सोडली, रोहू, कतला,
कुणाचा किती वाटा.

मधे कुणीतरी जागा मोकळी करायला म्हणून
काहीबाही पुसलं.
तेव्हापासून एकच चौकट येते:
व्हीबीरन तीनशे सापडत नाही.
खाली एकच बटण, ओके.
म्हणजे नसलेल्यालाही आपण हो म्हणायचं.

सयत्राबाई उंबऱ्याशी बसलेली, टोपलं बाजूला.
तिच्या डोमाचं नाव आत आहे.
कागदी रजिस्टर चुलबंद चढली त्या साली लगदा झालं,
आणि सोमवारी तलावाचा ठेका नव्यानं,
पुरावा आणा म्हणतात.

मी तिला समजावलं, जाळ्याची एक गाठ सुटावी तसं आहे.
ती म्हणाली, "गाठ सुटली तं मासा निंगते गा.
जाळं थोडीच म्हनते, मी पान्यात नाई उतरत?
हे कायचं मशीन तुमचं."
मी स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला.

दुपारी दिघोरीच्या राइस मिलमध्ये.
काटा-पावत्यांचा जुना डबा
भैयालालनं कोंड्याखालून उकरून दिला.
कळफलकात धानाची टरफलं,
एफ-पाचच्या फटीत मेलेली मुंगी.
विंडोज. त्यात सिस्टीम.
नावं एकाखाली एक सरकत गेली, सरकत गेली,
आणि होती.
तीन लाख अठ्ठ्याण्णव हजार चारशे सोळा बाइट.
आज मोबाइलमधल्या एका फोटोच्या कोपऱ्यात मावेल.

फ्लॉपी तीनदा नाही म्हणाली.
चौथ्यांदा पत्रा सरकवून फुंकर मारली
(मारू नये असं आम्हीच क्लासमध्ये शिकवतो).

संध्याकाळी टिकाराम माझ्या पाठीशी उभा,
श्वास लागतो मानेला इतका जवळ.
एक फाईल कॉपी झाली.
दोनदा टिचकी.
राखाडी खिडकी उघडली,
मारबतेबाबूंची मराठी, रोमन अक्षरांत ठोकलेली.

डोमा शोधला. नाही.
डोमाजी. नाही.
डोमा बकाराम. तेही नाही.
उंबऱ्याकडून आवाज आला,
"बाबू त्याले ढोमा म्हनत. चिडवाले."

डी, एच, ओ, एम, ए.
सभासद सत्त्याऐंशी. वाटा एक.
शेवटची नोंद: संस्थेचं जाळं उसनं नेलं. परत केलं.

प्रिंटर केव्हाचाच भंगारात गेलाय.
मी पडद्याचा फोटो काढला, त्यावर आडव्या काळ्या रेघा आल्या.
उद्या शिक्का मारतो, टिकाराम म्हणाला.
कशावर, ते त्यालाही माहीत नव्हतं.

बंद करताना आणखी एक चौकट आली.
टिकाराम म्हणाला, ही रोजच यायची,
रोज न वाचता दाबायचो.
मी मोठ्यानं वाचली:
जाळं वाळवून ठेवा.
खाली ओके.

"हावो," सयत्राबाई म्हणाली, सरळ पडद्याकडे बघून,
आणि टोपलं उचललं.