चार ओहम

सांगलीच्या गावभागात
आठ ओहमवर सगळेच शहाणे.
भूपाल मगदूमनं चारचे जोडले
आणि आवाज चढवताच व्होल्टेज बसलं,
डग्गा ओल्या पुठ्ठ्यासारखा वाजला.

"जो अडवत नाही ना, तोच जास्त ओढतो,"
चटका बसलेल्या बोटावर फुंकर घालत म्हणाला.
शालन म्हणाली, "माझ्या भावाबद्दल बोलताय?"

मग कुपवाडहून नवा ट्रान्सफॉर्मर,
जाड तारेचा, साडेसात किलो, सायकलच्या कॅरियरवर.
दोनाच्या जागी सहा ट्रान्झिस्टर.
भंगारातल्या ॲल्युमिनियमला कानस मारून मारून
हीटसिंक.

तासाभरानं त्यावर तळवा ठेवला:
कोमट,
ताप उतरलेल्या पोराच्या कपाळासारखं.

आता गाणं लावायचं.
त्याआधी त्यानं स्पीकरला कान लावला.
गुणगुण नाही.
पाल चुकचुकली,
पण ती भिंतीवरची.