पाण्याची चौकशी

सहा शहरं होती यादीत. आम्ही चौघं
आणि माझ्या मांडीवर लॅपटॉप.
माझं काम सोपं: रकाने भरणं.
घरटी उत्पन्न. टीव्हीसमोर बसणारी डोकी.
विमानतळापासून मैदानापर्यंत किती मिनिटं.
थंडीचा रकाना नव्हता.
आइस हॉकीच्या संघासाठी शहर शोधतोय आपण,
तरी मला तेव्हा काही खटकलं नाही.

ड्युमोंटला उतरलो तेव्हा उणे छत्तीस.
स्वागताला बँड आणलेला महापौरबाईंनी;
ट्रम्पेटच्या कळा गोठून बसल्या,
म्हणून वादकांनी ती धून तोंडानंच म्हटली,
वाफेच्या ढगात, टोप्या न काढता.

ओरेस्ट हलुश्का, वय एकाहत्तर,
चाळीस वर्षं तिथल्या रिंकचा बर्फ घालतो,
सडा घालावा तसा, पातळ, थरावर थर.
त्यानं मला गुडघ्यांवर बसवलं. म्हणाला,
बर्फाला रंग नसतो, बाई.
नुसता ठेवला तर खालचं करडं काँक्रीट दिसतं.
पांढरा आम्ही फवारतो,
मग त्यावर पुन्हा पाणी. गरम.
गरम पाण्यात हवा कमी, बर्फ काचेसारखा येतो.
छपरातून एका जागी थेंब गळत होता.
खाली लोणच्याची रिकामी बादली.
मी लिहिलं: छप्पर, खर्च मोठा.
समितीला खुर्च्या हव्यात अठरा हजार,
गावात माणसं एकसष्ट हजार,
तान्ही आणि अंथरुणाला खिळलेली धरून.

सान एलोयला एप्रिलातच एकेचाळीस.
मनाशी ठरवूनच गेले होते, इथं नाही.
वाळवंटात बर्फ म्हणजे पैशाचा माज.
रात्री दहाला, डांबर जरा निवल्यावर,
बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानामागं
पोरं चाकांच्या स्केटवर खेळत होती.
गोलात उभी इट्झेल, तेरा वर्षांची,
पायांना सोफ्याच्या उशा पट्ट्यांनी बांधलेल्या.
खरा बर्फ पाहिलायस का कधी?
पाहिलाय की, म्हणाली. फ्रीझरमध्ये.
तेवढ्यात चेंडू आला
आणि ती आडवी झेपावली डांबरावर,
कोपर सोलवटलं,
चेंडू पोटाशी.
मला म्हणाली, तुम्ही मधेच बोलू नका.

इथंच माझं घोडं पेंड खायला लागलं.

मतदान पाच मिनिटांत आटोपलं.
सान एलोय. आकड्यांनीच.
इट्झेलचं नाव निघालं नाही, ओरेस्टचंही नाही,
आणि मीही काढलं नाही.
ड्युमोंटला वाटाण्याच्या अक्षता.
पत्र माझ्याकडे आलं लिहायला:
आपल्या उत्साहाबद्दल समिती ऋणी आहे,
पुढेमागे संधी आल्यास अवश्य.
पांढरं, गुळगुळीत पत्र.
खालचं करडं दिसणार नाही
इतके थर दिले मी त्याला.

आठवड्यानं फोन आला.
मी शिव्या खायच्या तयारीनं उचलला.

तिथलं पाणी कसं आहे? ओरेस्टनं विचारलं.
म्हणजे?
जड असणार. वाळवंटातलं पाणी ते.
क्षार असले की बर्फ ठिसूळ होतो, दुधट दिसतो.
आधी गाळून घ्या म्हणावं.
आणि घाई नको. पहिला थर बसल्याशिवाय
दुसरा ओतू नका. तो बसल्याचं
आवाजावरून कळतं, पण ते त्यांना
पहिल्या वर्षी नाही ऐकू यायचं.
कोण घालणार आहे तिथं बर्फ?

अजून ठरलं नाही, म्हटलं.

मग ज्याचं ठरेल त्याला माझा नंबर द्या.
सकाळी सहाच्या आधी केला तरी चालेल.
लिहून घेताय ना?

हो, म्हटलं.
पेन शोधत होते.