तिसरा स्लॉट

ओउलूच्या या तळघरात रात्र की दिवस, कुणी विचारत नाही.
पंखे घोंघावतात. कानटोपी न काढताच आयनिक्की
मॉड्यूल आत सरकवते, दोन्ही अंगठ्यांनी,
खट् होईपर्यंत.
या कपाटाने झडती घेतल्याशिवाय
शहरात एक आकडा शिरत नाही.

"पोर्ट डावीकडून मोजायचे का?" ओन्नी विचारतो. नवा आहे.
"विषम वर, सम खाली.
हे यंत्र एकपासून मोजतं, शेजारचं शून्यापासून.
त्यांची समजूत घालत बसू नकोस,
लिहून ठेव."

लिहिलेलं आहेच, दारावर,
वेइक्कोच्या तिरक्या अक्षरात:
तीन-सात, बंदरातली क्रेन.
तीन-आठ, हॉस्पिटल. (खोडून: पाच-एक.)
तीन-नऊपुढे नुसतं प्रश्नचिन्ह.

जळकं मॉड्यूल मार्चमध्येच काढलं.
"मग आता चौथ्याला तीन म्हणायचं?"
"नाही रे. मधला गेला म्हणून
पुढचे सरकत नाहीत."

वारा फुकट जाऊ नये म्हणून
ती तिथे कोरी पत्र्याची पट्टी बसवते,
स्क्रू अर्धा फिरवून थांबते.

तीन-नऊला काय होतं,
फेब्रुवारीत विचारायला हवं होतं त्याला.
तेव्हा तो फोन उचलत होता.