रिंगकडे पाठ

पहिल्या दिवशी लावण्या येमुल
थ्री-पॉइंट लाइनच्या बाहेरच थांबली,
परक्या घरात चप्पल कुठं काढावी कळेना, तशी.
उंची पाच फूट अकरा,
खांदे मात्र पाच फूट चारचे,
वर्गात शेवटच्या बाकावर लपून लपून वाकलेले.

म्हटलं, आत ये. रिंगखाली. तुझी जागा ती.
आली, आणि रिंगकडे तोंड करून उभी राहिली.
नाही गं. पाठ कर.
"मग दिसणार कसं, मॅडम?"

प्रश्न बरोबर होता.
मी स्वतः गार्ड, उंची पाच-एक,
पोस्टमधलं मला जे येतं ते मार खाऊन आलेलं.
घरातली जुनी चादर आणली, मोराची, काठ उसवलेली,
घडी करून कोपरापर्यंत गुंडाळली
आणि सकाळी सहाला, सिमेंट तापायच्या आत,
तिच्या कमरेत रेटत राहिले.
गुडघे वाकव. अजून. खाली स्टूल आहे समज.
कुठून ढकलतेय? बघू नको. सांग.

महिनाभर बॉल दिला नाही.
ती तोल जाऊन पडायची
आणि उठता उठता सॉरी म्हणायची.
धक्का माझा, सॉरी तिची.

एप्रिलात तिचे वडील आले, साखर पेठेतून सायकलवर.
तीस वर्षं पॉवरलूमवर. कान कधीच गेलेले.
माझ्या हातावरची चादर उलटी करून
आधी वीण तपासली, मग हसले.
बोटांनी काहीतरी बोलले तिच्याशी.
"नायना म्हणतेत, माग बिघडला तर ऐकू येत नाही.
चौकटीवर तळहात ठेवायचा.
धागा तुटायच्या आधी कळतंय."

दुसऱ्या दिवशी बॉल दिला.
डावीकडून रेटलं, रोजच्यासारखं.
पडली नाही. थांबली.
पाठीत काहीतरी ऐकत असल्यासारखी थांबली,
पूर्ण एक श्वास,
आणि उजवा पाय मागे टाकला,
माझ्या पायाला बाहेरून कुंपण घालत वळली.
मी रिकाम्या हवेवर रेललेली, चादर लोंबत,
आणि ती बोर्डखाली, एकटी.

शॉट हुकला.
रिंग डावीकडे वाकलीय, तीन अर्ज दिलेत,
पण खरं सांगायचं तर रिंग सरळ असती तरी हुकला असता.

मी सॉरीची वाट बघितली.
तिनं बॉल उचलून आणला,
घाम बाहीला पुसला,
पाठ केली.
"परत ढकला, मॅडम.
कुठल्या बाजूनं, ते सांगू नका."