नाक गेलेल्या माणसाची बाग

हर्णैच्या बर्फ-कारखान्यात एकतीस वर्षं
अमोनियाच्या नळ्यांपाशी उभा होतो.
डोळे जायला लागले की माणूस धडपडतो, कळतं.
नाक भाडेकरूसारखं जातं,
रातोरात, सामान गुंडाळून.
इंदुमती दूध करपलं म्हणून ओरडत आली
आणि मी चुलीशेजारीच पेपर वाचत होतो,
त्या दिवशी समजलं, खोली रिकामी आहे.

निवृत्त झालो तशी ती म्हणाली,
परसात सुवासाची झाडं लावू.
लावू की, मी म्हटलं.
खड्डे खणायला नाक लागत नाही.

दापोलीच्या वाटेवर मुकादमांची रोपवाटिका.
तिथं मी झाडं पाहिलीच नाहीत,
तिचा चेहरा पाहत हिंडलो.
मोगऱ्यापाशी तिच्या भुवया खाली आल्या,
दमलेलं माणूस टेकतं तशा.
कुंतीला ती हसली,
बाजारात ओळखीची बाई दिसल्यावर हसतात तेवढंच.
रातराणीपाशी मान मागे.
अनंतापाशी मात्र डोळे मिटले
आणि हातातली पिशवी खाली ठेवली.
अनंत दोन द्या, मी म्हटलं.

"तुमच्याकडे वारा खारा," मुकादम म्हणाले,
"अनंत रुसेल. विहिरीचं पाणी कसं?"
मचूळ. वैशाखात चहासुद्धा बिघडतो.
"मग पागोळीचं साठवून ठेवा त्याच्यापुरतं.
आणि हा घेऊन जा, कवठी चाफा.
फूल मान खाली घालून असतं,
रात्री उघडतं, सकाळी संपलेलं.
पैसे आत्ता नकोत. जगला तर द्या."

जांभ्यात खड्डा म्हणजे पहारीची परीक्षा.
दीड फुटावर ठिणगी उडते.
तळाला बांगड्यांची डोकी, सुकटीचा चुरा,
वर शेणखत, वर माती, वर पाला.
इंदुमती पदर नाकाला लावून पार गडग्यापाशी.
बागेतला सगळ्यात घाण वास माझ्या वाट्याला,
आणि मला तो परवडतो.

समुद्राच्या अंगाला कुंती, दाट.
वारा तिनं खावा.
मोगरा मोरीच्या खिडकीखाली.
माघात तो छाटला, पाणी तोडलं, पानंही ओरबाडली.
मारताय का त्याला, ती दोन दिवस बोलली नाही.
चैत्रात मेहरूनची नात कळ्या मोजायला आली,
शंभराच्या पुढे चुकली,
पुन्हा एकपासून.

एक अनंत पिवळा पडला.
शिरा हिरव्या, मधलं पान हळदीचं.
ताक घातलं, गंजके खिळे पुरले,
कळ्या धरायच्या आणि मिटलेल्याच गळायच्या.
दुसरा तगला.
हात तेच, पाणी तेच. कारण विचारू नका.

तिन्हीसांजेला बायजा चोगले
रिकामी टोपली डोक्यावर घेऊन घरी जाते.
गडग्यापाशी थांबते, टोपली उतरवत नाही.
पाच श्वास. मी ओटीवरून मोजतो.
काल सात झाले.
त्यावरून मला कळतं, आज काय उमललंय.

कवठी चाफ्याला तिसऱ्या वर्षी एक कळी आली,
लहान अंड्याएवढी.
आम्ही बॅटरी घेऊन पाटावर बसलो.
साडेनऊला पाकळ्या सुटल्या.
कसा आहे, मी विचारलं.
ती बराच वेळ शब्द शोधत राहिली.
"कवठ आठवतंय? दगडावर फोडल्याबरोबर..."

तो आवाज आठवला. तो दगडही.
गूळ कालवणारी बोटं.
वास नाही आला.
पण जिभेच्या कडेला पाणी सुटलं,
दात आंबले
आणि मी तोंडावर हात ठेवला,
जणू आतून काहीतरी सांडेल.

सकाळच्या एसटीनं मुकादमांकडे गेलो
चाफ्याचे पैसे द्यायला.
किती ठरले होते,
ते त्यांना आठवेना.